सहा वेळा विचारलं तिला

खूप दिवस हे लिहू की नको असं चाललं होतं माझं. मुलीचं नाव, वय, कुठली चाळ, यातलं काहीच लिहिणार नाहीये, कृपा करून विचारूही नका.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी पोरीचा हात धरून माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, ताई जरा आत येऊ का. मी ऑफिसमधून नुकतीच आले होते, कुकर लावला होता, तो गॅस बंद केल्याचं आठवतंय आणि त्यानंतरचे वीस-एक तास नुसते एकात एक मिसळलेत. पोरीवर लैंगिक अत्याचार करणारा घरातल्यासारखाच होता, सणावाराला जेवायला येणारा, पोरीला खाऊ आणणारा.

ती आधी आईला बोलली होती, मग मला बोलली. मग चौकीत हवालदाराला सांगायला लागलं, सगळ्यांसमोर, बाकावर बसून, आणि तो म्हणाला लेडी ऑफिसर सकाळी येतील आणि ओळखीतलाच आहे ना, मग आधी घरात बसून बोला. आम्ही हललो नाही म्हणून रात्री उशिरा मॅडम आल्या, त्यांना चौथ्यांदा. हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला पाचव्यांदा, त्यांनी पोलिसांचं पत्र कुठेय म्हणून तास-दीड तास बसवून ठेवलं. वर वॉर्डात बाईडॉक्टर आल्या, चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या, पण त्यांनीही विचारलंच, बाळा काय झालं सांगशील का. तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, मावशी, तूच सांग ना.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या आपल्या पॉक्सो कायद्यात, २०१२ पासून, हे सगळं लिहिलेलं आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो बाई अधिकाऱ्याने, अंगावर युनिफॉर्म नसताना. मेडिकलला एफआयआरची वाट बघायची नाही, कलम २७. मला त्या रात्री हे माहीत असतं तर मी त्या काउंटरवर जोरात भांडले असते. आता माहीत आहे, निदान वाचणाऱ्यांना तरी माहीत असू दे.

आता पुढे आफ्रिकेबद्दल लिहिणार आहे, ते कुठून आलं मध्येच, तर माझी मामेबहीण देवनारला सोशल वर्क शिकते, तिची एक रवांडाची वर्गमैत्रीण दिवाळीत आमच्याकडे जेवायला आली होती. जेवण झाल्यावर भांडी विसळता विसळता विषय निघाला आणि माझ्या तोंडून हे सगळं बाहेर पडलं. ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली आमच्याकडे अशा वेळी जायची एकच जागा असते, तिला इसांगे म्हणतात. किन्यारवांडा भाषेतला शब्द, अर्थ साधारण असा की ये, मोकळी हो, आपलंच घर समज. किगालीच्या पोलीस हॉस्पिटलमध्ये २००९ साली पहिलं इसांगे सेंटर सुरू झालं, डॉक्टर, समुपदेशक, पोलीस, कायद्याचं बघणारं माणूस सगळे एकाच छपराखाली, एक पैसा द्यायचा नाही. म्हणजे बाई दारोदार फिरत नाही, सगळे तिच्यापाशी येतात. मग देशभरच्या हॉस्पिटलांत ती पसरली.

त्या रात्रीपासून मी वाचतच सुटले. दक्षिण आफ्रिकेत असंच आहे, थुथुझेला केअर सेंटर नावाचं, पहिलं २००० मध्ये केपटाऊनजवळच्या मॅनेनबर्गच्या सरकारी हॉस्पिटलात. मॅनेनबर्ग म्हणजे गँगवाल्यांनी पोखरलेली गरीब वस्ती, तिथूनच सुरुवात केली त्यांनी. चालवतं कोण तर तिथलं सरकारी वकिलांचं खातं, त्यामुळे तपासणीच्या टेबलापासून कोर्टापर्यंत धागा तुटायला नको असा विचार. आणि एक गोष्ट वाचून मी लोकलमध्ये रडले, तपासणी झाली की बाईला तिथे आंघोळ करता येते, धुतलेले कपडे मिळतात, घरी सोडायची सोय असते. आमची पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच फ्रॉकवर होती, मग तो फ्रॉक पुराव्यासाठी घेतला आणि वहिनींनी ओढणीत गुंडाळून आणली तिला.

थुथुझेला हा खोसा भाषेतला शब्द, अर्थ दिलासा. आणि साधारण त्याच सुमाराला आपल्या वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत या स्वयंसेवी संस्थेने मिळून जे केंद्र काढलं त्याचं नाव काय, तर दिलासा! हॉस्पिटलच्याच लोकांना ट्रेनिंग देऊन समुपदेशनाला बसवलं, नंतर पालिकेच्या इतर हॉस्पिटलांतही गेलं ते. एकमेकांचं ऐकून नाव ठेवलं असेल असं मला वाटत नाही, बायकांना त्या क्षणी काय हवं असतं ते दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं ओळखलं एवढंच. पण इतकी वर्षं मुंबईत राहून मला दिलासा माहीत नव्हतं आणि त्या चौकीतल्या कोणीही सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो.

ऑफिसात हे बोलायला लागले की लोक म्हणतात, अगं आफ्रिकेत तर काय, तिथे चालतंच. मला हे वाक्य सहन होत नाही. चोपन्न देश आहेत तिथे, आणि चालतंच असं तिथल्या बायकांनी कधी मानलेलं नाही. रवांडात १९९४ च्या नरसंहारात, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, अडीच ते पाच लाख बायकांवर बलात्कार झाले. त्यानंतर टांझानियातल्या अरुशा इथे आंतरराष्ट्रीय कोर्ट बसलं, ताबा गावचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू आरोपी, आणि त्याच्यावरच्या आरोपांत बलात्कार हा शब्दच नव्हता. १९९७ मध्ये एक बाई दुसऱ्याच गोष्टीची साक्ष देत होती, बोलता बोलता तिने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते सांगितलं. बेंचवर एकच बाई न्यायाधीश होत्या, नवी पिल्लै, डरबनच्या, भारतीय वंशाच्या तमिळ घरातल्या, त्यांनी ते तसंच पुढे जाऊ दिलं नाही, पुढे विचारलं. मग आणखी बायका बोलल्या, आरोपपत्र बदललं, आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय कोर्टाने म्हटलं की बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग असू शकतो. मी हे दोन-तीनदा वाचलं. विचारण्या-विचारण्यात किती फरक असतो. आमच्या पोरीला सहा जणांनी विचारलं आणि ती दर वेळी लहान लहान होत गेली, आणि तिथे एकीने विचारलं तर सगळ्या बायकांना बोलायला जागा झाली.

केनियाचं तर मी हवालदाराला दाखवायला पाहिजे. मेरू भागात मुलींवरच्या अत्याचाराच्या तक्रारी पोलीस धड तपासतच नव्हते, तर तिथल्या मुलींच्या वतीने थेट पोलिसांवरच केस घातली गेली, आणि मे २०१३ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की तपास न करणं हाच या मुलींच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. १६० मुलींची केस म्हणूनच ती ओळखली जाते. आपल्याकडेही त्याच वर्षी कायदा बदलला, बलात्काराची तक्रार लिहून न घेणं हा पोलिसाचा गुन्हा झाला, पण रात्री दहा वाजता बाकावर बसलेल्या आईला हे कोण सांगणार.

शिक्षा वाढवून होतं का हे सगळं? मला नाही वाटत, निदान एकट्या शिक्षेने नाही. सिएरा लिओनचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस माडा बिओ यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये बलात्कारांवरून राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, त्याच वर्षी कायदा कडक करून जन्मठेपेपर्यंत नेला. त्याच वर्षी आपण पॉक्सोत फाशीची शिक्षा आणली. आणीबाणी जाहीर केली हे मला मनापासून आवडलं, एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने याला संकट म्हणणं ही लहान गोष्ट नाही. पण करणारा काका, मामा, शेजारी असतो तेव्हा शिक्षा जितकी मोठी तितकं घर जास्त गप्प बसवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वहिनींच्या सासूबाई अजून म्हणतात, पोरगा फासावर जाईल गं, त्याची आई मरेल. सिएरा लिओनमधलीच रेनबो सेंटरं मला जास्त जवळची वाटतात, यादवी संपल्यावर २००३ पासून सुरू झालेली, फुकट उपचार आणि समुपदेशन.

आणि काँगो. डॉक्टर डेनिस मुक्वेगेंचं नाव २०१८ च्या नोबेलमुळे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, बुकावूचं पांझी हॉस्पिटल त्यांनी १९९९ मध्ये सुरू केलं ते बाळंतपणांसाठी, आणि यायला लागल्या युद्धात चिरडलेल्या बायका. नुसतं ऑपरेशन करून पाठवायचं नाही, मनाचा उपचार, कोर्टाची मदत आणि हाताला काम, हे चारही एकत्र हवं असं त्यांचं म्हणणं. बुकावूजवळच्या कावुमू गावातून २०१३ पासून रात्री झोपलेल्या लहान मुली उचलून नेल्या जायच्या, अगदी तान्ह्याही, आणि प्रत्येक केस सुटी सुटी पडून होती. पांझीच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की एकाच गावातून, एकाच तऱ्हेच्या जखमा घेऊन पोरी येतायत. डिसेंबर २०१७ मध्ये तिथला एक आमदार आणि त्याच्या टोळीतले लोक जन्मठेपेला गेले. डॉक्टरांनी नीट लिहून ठेवलेले कागद नसते तर काय झालं असतं. म्हणून मी आता केसपेपरवरचं एकेक अक्षर वाचून घेते.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकदम थांबवली आणि त्याच वेळी पूर्व काँगोत गोमा, मग बुकावू बंडखोरांच्या हातात गेलं, तेव्हा तिथे बलात्कारानंतर द्यायच्या औषधांच्या किट्सचा तुटवडा झाला. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. आमच्या पोरीला पहिला डोस मिळाला तेव्हा घड्याळात बघून मी तास मोजले होते, एकोणीस. तिथे एखादी आई दोन दिवस चालत येऊन बंद कपाटासमोर उभी राहिली असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पोर आता शाळेत जाते. २८ दिवस गोळ्या मीच द्यायचे, संध्याकाळी, साखर लावून, कारण आईच्या हातून घेतली की ती ओकायची. दिंडोशी कोर्टात केस उभी राहिलीये, पुढच्या महिन्यात तिची साक्ष आहे. कायद्याप्रमाणे आरोपी तिच्या समोर दिसता कामा नये, तेव्हा पडदा लावणार ना, हे विचारायला वहिनी आणि मी मंगळवारी वकीलबाईंकडे गेलो होतो. लावतात म्हणाल्या. मी म्हटलं आधी जाऊन बघून येऊ का, पडदा नक्की कुठे असतो ते, म्हणजे तिला चित्र काढून दाखवता येईल. त्या म्हणाल्या विचारून कळवते. मी ऑफिसात दोन दिवसांची रजा आधीच टाकून ठेवलीये.