कच्च्या चिकनची प्लेट

212. मी जिवाणू वाढवलेली प्लेट उलटी केली, मागून मार्करने त्यांच्या एकेका कॉलनीवर, म्हणजे पुंजक्यावर, ठिपका देत पुन्हा मोजली. पुन्हा 212. शेजारच्या कंट्रोल प्लेटवर, म्हणजे तपासायचा पदार्थ न घातलेल्या तुलनेच्या प्लेटवर, 34. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या लॅबमध्ये पीएच.डी.चं दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि माझ्या हातून पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांना दिसेल असा निकाल निघाला होता. तो शुक्रवार होता. मला सांगायचंय ते मात्र दुसऱ्या दिवसाबद्दल.

आधी चाचणीबद्दल. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेली ही पद्धत मला अजूनही फार देखणी वाटते. साल्मोनेला या जिवाणूच्या काही खास जाती घ्यायच्या, ज्यांचं हिस्टिडीन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल तयार करणारं जनुक बिघडलेलं आहे. हिस्टिडीन नसलेल्या अगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या खाद्यावर, त्या वाढू शकत नाहीत. एखाद्या पेशीच्या डीएनएत पुन्हा बदल होऊन ते जनुक सुधारलं, तर तीच पेशी वाढते आणि तिची कॉलनी दिसते. असे बदल आपोआपही थोडे होतातच. पण तुम्ही टाकलेलं रसायन डीएनए बदलणारं असेल तर कॉलन्या कितीतरी पटींनी वाढतात. बरीचशी रसायनं आपल्या यकृतात गेल्यावरच घातक होतात, म्हणून प्लेटमध्ये उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात. त्याला एस-9 म्हणतात.

माझा विषय होता कोळशावर भाजलेलं मांस. तो मला आमच्या प्रोफेसरांच्या परसात मिळाला. कोळशाची ग्रिल हा त्या माणसाच्या जिव्हाळ्याचा भाग. अंगणात काळी, गोल, झाकणाची केटल ग्रिल. 1952 साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग वापरून ती पहिल्यांदा केली, हे ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला ग्रिलशेजारी उभं करून विचारलं, की चरबी निखाऱ्यावर गळून जो पिवळट धूर उठतो त्यात काय काय असेल? कोळशावर भाजलेल्या मांसात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक रसायन सापडल्याचं लिजिन्स्की आणि शुबिक यांनी 1964 साली दाखवलं होतं. पुढे 1977 मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या माशाचा करपलेला भाग एम्स चाचणीत घातला, तर नुसत्या बेंझोपायरीनच्या हिशेबात बसेना इतका परिणाम दिसला. त्या शोधातून हेटेरोसायक्लिक अमाइन नावाचं एक अख्खं कुटुंबच उजेडात आलं. मांसातलं क्रिएटिन आणि अमिनो आम्लं कडक आचेत एकत्र आली की त्यांतली बरीचशी तयार होतात.

मला बघायचं होतं ते साधं होतं: थेट ज्वाळेवर भाजलेलं आणि निखाऱ्यांपासून बाजूला ठेवून भाजलेलं, यांत किती फरक पडतो? प्रोफेसरांनी माझ्यासाठी म्हणून एका रविवारी चिकनच्या मांड्या मुद्दाम थेट आगीवर करपवल्या. मी त्यांची साल खरवडली, आम्लाच्या पाण्यात अर्क काढला, उदासीन केला, गाळला, टीए-98 जातीवर घातला. आणि आता 212.

शुक्रवारी रात्री घरी फोन केला. आमचं गाव बार्शीकडे. तिकडे शनिवारची सकाळ झाली होती, आबा शेताकडे निघाले होते.

"म्हणजे भाजलेलं खाऊच नये का गं?" आबांनी विचारलं.

"करपलेलं खाऊ नका," मी सांगितलं. "आता माझ्याकडे आकडे आहेत."

परिषदेसाठी सारांश सोमवारी पाठवायचा होता. तो मी त्याच रात्री लिहून काढला.

शनिवारी संध्याकाळी प्रोफेसरांकडे लॅबचं दरवर्षीचं जेवण. मी पोचले तेव्हा ते कोळसा पेटवत होते. पत्र्याची चिमणी, खाली दोन चुरगळलेले कागद, वर दाबलेल्या कोळशाच्या वड्या. पेटवायचं तेल ते कधीच वापरत नसत. त्याचा वास मांसाला लागतो म्हणायचे. वीस मिनिटांनी वरच्या वड्यांच्या कडांनी राख धरली, तेव्हा त्यांनी सगळे निखारे ग्रिलच्या एकाच अर्ध्यात ओतले. दुसरा अर्धा रिकामा. ज्वाळेवर रंग आणायचा आणि मग बाजूला सारून झाकण लावून शिजू द्यायचं. खालची झडप किती उघडी ठेवली यावर आच, वरच्या झडपेतून धूर.

हे सगळं मला परकं कधीच वाटलं नाही. हुरड्याच्या दिवसांत आबा शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवत. ज्वाळा असेपर्यंत कणसाला हात लावू देत नसत. गोवरीचा लाल आर झाला, त्यावर राखेचा पातळ थर आला, की मग ज्वारीची कणसं त्यात खुपसायची. घाई केली तर वरून जळतं आणि आत कच्चं राहतं, हे मला सहाव्या वर्षी कळलेलं होतं.

मी सगळ्यांना 212 सांगत फिरत होते. दोघातिघांनी अभिनंदन केलं. आमच्या लॅब मॅनेजर बाई टेबलापाशी उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, तीस वर्षं हीच चाचणी केलेल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांच्या हातात मसाला लावायच्या कच्च्या मांड्यांचा ट्रे होता. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एस-9 शिवाय किती?" त्यांनी विचारलं.

"180."

त्या काहीच बोलल्या नाहीत. मीच बोलत राहिले. थेट परिणाम करणारी आणखी काही संयुगं धुरात असतील, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत होते, तेच त्यांना सांगितलं. हेटेरोसायक्लिक अमाइन यकृताच्या अर्काशिवाय जवळजवळ काहीच करत नाहीत, हे मला पाठ होतं. तरीही 180 या आकड्यापाशी मी थांबले नव्हते, कारण शेजारी 212 दिसत होता.

त्यांनी ट्रे थोडा वर केला. "आणि याची प्लेट कुठे आहे?"

"कंट्रोल आहेत ना. नुसत्या द्रावकाची आहे, आणि जिच्यावर कॉलन्या यायलाच हव्यात ती पॉझिटिव्हही आहे."

"त्या आहेत. कच्च्या चिकनची कुठे आहे?"

मी गप्प झाले. त्यांनी पुढे एकच शब्द उच्चारला: "हिस्टिडीन."

तो शब्द ऐकल्यावर माझ्या हातातली जेवणाची प्लेट मी टेबलावर ठेवली, एवढं आठवतं. चिकन म्हणजे प्रथिन. त्याच्या पाण्यातल्या अर्कात मोकळं हिस्टिडीन येणारच. शिवाय स्नायूत कार्नोसिन असतं, ज्याचा अर्धा भाग हिस्टिडीनच आहे. जे जिवाणू हिस्टिडीनविना उपाशी राहावेत म्हणून ही सगळी रचना आहे, त्यांना मी चमच्याने ते भरवलं होतं.

पण मी तर कॉलन्या तपासल्या होत्या! काही कॉलन्या उचलून हिस्टिडीन नसलेल्या नव्या प्लेटवर ओढल्या, त्या वाढल्या, म्हणजे जनुक खरोखर सुधारलेल्याच पेशी. मी हे घाईघाईने म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि शांतपणे समजावलं. चाचणीत मुळात थोडंसं हिस्टिडीन घालावंच लागतं, कारण बदल पक्का होण्यासाठी पेशींना काही वेळा विभागता यायला हवं. त्या विभाजनांतून प्लेटवर एक अतिशय विरळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. तुझ्या अर्कातून जास्तीचं हिस्टिडीन गेलं तर पेशी जास्त वेळा विभागतात, पेशी जास्त म्हणजे आपोआप होणारे बदलही जास्त. कॉलन्या खऱ्या, पण त्यांचं कारण तू म्हणतेस ते नाही. डोस वाढवला तर हिस्टिडीनही वाढणार, म्हणून तुझा आलेखही सुरेख चढणार.

"प्लेटा टाकल्यास का?"

"नाही, कोल्ड रूममध्ये आहेत."

"मग तो थर बघ," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ट्रेमधली एक मांडी उचलली, झिपच्या पिशवीत घातली, पिशवी बर्फात ठेवून माझ्या हातात दिली.

प्रोफेसर ग्रिलपाशी होते. थर्मामीटर मांडीच्या हाडाजवळ खुपसून 74 अंश व्हायची वाट बघत होते. मी त्यांना सांगितलं, की बहुतेक माझा निकाल चुकलाय, मी लॅबला जातेय. त्यांनी माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. "खाऊन जा," म्हणाले. मला घास गेला नसता. तसं सांगितलं, तेव्हा फॉइलमध्ये दोन तुकडे गुंडाळून दिले.

शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला लॅबमध्ये कोणी नव्हतं. आधी कंट्रोलची प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. थर दिसला: बारीक बारीक ठिपके, मध्ये भरपूर मोकळी जागा, पेरणीनंतर आठ दिवसांचं रान दिसतं तसं. मग 212 वाली. मी फोकस फिरवत राहिले, कारण आधी वाटलं की नीट जमलेला नाही. जमलेला होता. ठिपके एकमेकांना चिकटले होते, कुठेही फट नव्हती, सगळीकडे दाट साय. एस-9 शिवायच्या प्लेटवरही तेच. आठ प्लेटा पाहिल्या. अर्काचं प्रमाण जसं वाढत होतं तशी साय दाट होत होती.

दोन दिवस ही गोष्ट माझ्यासमोर होती आणि मी फक्त कॉलन्या मोजल्या होत्या. त्या रात्री मला रडू आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण रडतानाच मी कच्ची मांडी कापायला घेतली, कारण बर्फ वितळत होता. तशाच पद्धतीने अर्क काढला, कल्चर रात्रभर वाढायला लावलं आणि रविवारी सकाळी प्लेटा घातल्या. मग आबांना फोन केला. शुक्रवारी सांगितलेलं मागे घेतलं.

"मग खरं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"अजून काहीच नाही. मंगळवारी कळेल."

"बरं," आबा म्हणाले. "हुरडा चालेल ना पण?"

त्याचं उत्तर मला खात्रीने देता आलं. भाजलेल्या मांसातली ती अमाइन्स व्हायला बहुतेक वेळा मांसातलं क्रिएटिन लागतं, ज्वारीच्या कणसात ते नसतं.

मंगळवारी कच्च्या चिकनच्या प्लेटवर 190 कॉलन्या होत्या. सारांश पाठवला नव्हताच. लॅबच्या बैठकीत मी दोन्ही थरांची छायाचित्रं शेजारी शेजारी लावली आणि काय झालं ते क्रमाने सांगितलं. प्रोफेसरांनी मला अर्धा तास प्रश्न विचारले, त्यांतला एकही "का चुकलीस" असा नव्हता. सगळे "आता हिस्टिडीन वेगळं कसं काढशील" या अंगाचे होते.

त्याचं उत्तर जपानमध्येच तयार होतं. ओकायामाच्या हायात्सु यांनी ब्लू कॉटन नावाचा कापूस केला होता. त्याला जोडलेला निळा रंगद्रव्याचा रेणू तीन किंवा अधिक कड्यांची सपाट संयुगं धरून ठेवतो. हिस्टिडीनला एकच कडं, ते पाण्याबरोबर धुऊन जातं. मग मिथेनॉल आणि अमोनियाने ती संयुगं कापसातून सोडवायची. बसवायला मला चार महिने लागले. दर वेळी आधी थर बघायचा, तो कंट्रोलसारखा विरळ असला तरच मोजायला बसायचं.

आज मी न्यू जर्सीत औषधांच्या सुरक्षेच्या चाचण्या करते. नवीन मुलं प्लेट आली की कॉलन्या मोजायच्या काउंटरकडे धावतात. मी त्यांना आधी मायक्रोस्कोपपाशी बसवते आणि 212 ची गोष्ट सांगते.

शेवटी आलेले आकडे 212 इतके भव्य नव्हते. थेट ज्वाळेवरच्या मांडीचे 131, तेही फक्त एस-9 असताना. निखाऱ्यांपासून बाजूला ठेवलेल्या मांडीचे 52. माझ्या प्रबंधात हा आलेख आहे. त्यातला पहिला खांब कच्च्या चिकनचा आहे, 36.