एका पौंडाची होडी

मागच्या शनिवारी शेजारचे सुतार आमच्या स्वयंपाकघरात फळी बसवत होते. एका बाजूचे स्क्रू लागले होते. दुसऱ्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, ड्रिल उचललं आणि एवढ्यात त्यांच्या कमरेचा पेजर वाजला. ड्रिल ओट्यावर ठेवून ते तडक धावत सुटले. फळीचं लोंबतं टोक हातात धरून मी तशीच उभी राहिले.

आम्ही राहतो ते ॲबरिस्टविथ हे वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं विद्यापीठाचं गाव. समोर कार्डिगनचा उपसागर. इथे संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्याने टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं, शेवटच्या लोखंडी कठड्याला पायाने टेकायचं आणि मग परत फिरायचं अशी जुनी रीत आहे. शेजारचे सुतार इथल्या लाइफबोटीवर आहेत हे मला ठाऊक होतं, पण म्हणजे नेमकं काय ते त्या दिवशी पाहिलं.

इथे समुद्रात कुणी अडकलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं. कोस्टगार्ड सरकारी आहे. पण ते ज्यांचे पेजर वाजवतात ती आरएनएलआय, म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, ही लोकांच्या देणग्यांवर चालणारी संस्था आहे. सर विल्यम हिलरी यांनी १८२४ मध्ये ती उभी केली आणि आजही बोटीवर जाणारी बहुतेक माणसं आपापली नोकरी-धंदा सांभाळून जातात. कुणी सुतार, कुणी शिक्षिका.

फळी कशीबशी खाली उतरवून मीही किनाऱ्यावर गेले. पूर्वेचा वारा होता. इथल्या लोकांना हा वारा आवडत नाही, कारण तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळ पाणी तळ्यासारखं शांत दिसतं आणि हवेच्या गादीवर पहुडलेलं पोर बघता बघता आत ओढलं जातं. त्या दिवशी दोन मुलगे असेच गेले होते, दोघे एकाच गादीवर. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी न बोलता त्यांची दुर्बीण माझ्या हातात दिली.

ट्रॅक्टरने पाण्यात सोडलेली नारिंगी होडी, मागे दोन इंजिनं, सुसाट निघाली. मुलांच्या जवळ जाताच मात्र वेग एकदम कमी झाला. इंजिनाचा पंखा माणसाच्या जवळ फिरता कामा नये, म्हणून तांडेल शेवटचं अंतर जवळजवळ वाहत जाऊन कापतो, हे मला नंतर कळलं. कडेची हवा भरलेली जाड नळी पाण्यापासून फार उंच नसते. एकाने गुडघे टेकून वाकून मुलाला काखेत धरलं आणि नळीवरून गडगडवत आत घेतलं. लाकडी किंवा लोखंडी बोट असती तर तीच कड मुलाच्या बरगड्यांवर आदळली असती. मऊपणा हा त्या होडीचा गुणच आहे.

पण ही रबरी होडी आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धापर्यंत लाइफबोट म्हणजे वादळात फुटलेल्या जहाजाकडे जाणारी मोठी, जड बोट. तिचा वेग आठ-नऊ नॉट, म्हणजे तासाला पंधरा-सोळा किलोमीटर. मग दिवस पालटले. लोक सुट्टीत किनाऱ्यावर येऊ लागले, पोहू लागले, छोट्या शिडाच्या होड्या चालवू लागले. संकट आता खोल समुद्रात नव्हतं, काठापासून हाकेच्या अंतरावर होतं, उथळ पाण्यात, खडकांमध्ये. तिथे मोठी बोट पोचतच नसे, आणि पोचली तरी उशीर झालेला असे.

फ्रान्समध्ये रबरी होड्या आधीपासून वापरात होत्या. आलँ बोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९५२ मध्ये अशाच साडेचार मीटरच्या होडीतून एकट्याने कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत ६५ दिवसांत अटलांटिक ओलांडला होता, त्यामुळे रबर समुद्रात टिकतं का हा प्रश्न उरला नव्हता. १९६२ मध्ये आरएनएलआयची माणसं फ्रान्समध्ये जाऊन या होड्या पाहून आली आणि १९६३ मध्ये पहिल्या होड्या पाण्यात उतरल्या. लांबी १६ फूट, ४० अश्वशक्तीचं एक इंजिन, वेग सुमारे २० नॉट, आत दोघं-तिघं. ज्या मोजक्या ठिकाणी त्या पहिल्यांदा आल्या त्यात आमचं ॲबरिस्टविथ होतं. हे वाचलं तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला. इथे येऊन मला जेमतेम चार वर्षं झाली आहेत.

या होडीचा एक दोष होता. तळही कापडाचाच, त्यामुळे लाटांवर ती थडाथड आपटे आणि दगडगोट्यांवरून ओढताना तळ झिजे. त्यावरचा उपाय निघाला तो वेल्सच्याच दक्षिण किनाऱ्यावर, एका शाळेत. सेंट डोनट्सच्या किल्ल्यात १९६२ मध्ये अटलांटिक कॉलेज सुरू झालं. जगभरातून आलेली सोळा ते एकोणीस वर्षांची मुलं तिथे शिकत. पहिले मुख्याध्यापक डेझमंड होर हे नौदलातून निवृत्त झालेले रिअर ॲडमिरल. समोर ब्रिस्टल चॅनेल, जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक तिथली. मुलांच्या शिडाच्या होड्यांबरोबर सोबतीला रबरी होड्या लागत आणि त्या भराभर झिजत. तेव्हा होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळाला प्लायवुड लावून पाहिलं. मग आकार बदलून पाहिला, पुन्हा बदलला. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. शेवटी खाली पाणी कापणारा टणक, खोल तळ आणि वर हवेच्या नळ्या अशी होडी उभी राहिली. आज बचाव पथकांपासून नौदलांपर्यंत सगळे ती वापरतात.

आरएनएलआयने १९७२ मध्ये हीच रचना सेवेत आणली. लांबी २१ फूट, म्हणून नाव अटलांटिक २१, कॉलेजची आठवण ठेवून. ती उलटली तर मागच्या कमानीवरची हवेची पिशवी फुगवून सरळ करता येई. आणि १९७३ मध्ये होर यांनी आपलं पेटंट संस्थेला दिलं, एका पौंडाला.

मी या एका पौंडापाशी बराच वेळ थांबले. त्या पेटंटवर माणूस श्रीमंत झाला असता.

पुढे अटलांटिक ७५ आली, मग ८५ (हे आकडे फुटांत नव्हेत). तिचा वेग ३५ नॉट. टणक तळ नसलेली, १९६३ च्या त्या पहिल्या होड्यांच्या जातीची लहान होडी, जिला डी वर्ग म्हणतात, ती तरीही मोडीत निघाली नाही, कारण लाटा फुटतात तिथे आणि खडकांच्या सांदीत अजूनही तीच लागते. लाट कापताना तिच्यातली माणसं पुढे सरकून नाकावर आपलं वजन टाकतात. नळीत आतून वेगवेगळे कप्पे असतात, एक फाटला तरी बाकीचे होडी तरंगती ठेवतात.

त्या दिवशी मुलं किनाऱ्यावर आली, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, दात वाजत होते. त्यांच्या आईला मी पाहिलं, पण ते इथे लिहीत नाही. सगळे पांगले तरी होडीवरची माणसं मात्र तिथेच होती. गोड्या पाण्याने होडी धुतली, इंजिनं धुतली, नळ्या हाताने दाबून पाहिल्या, पेट्रोल भरलं. हे सगळं झाल्यावरच बोट पुन्हा तयार आहे असं कळवतात.

सुतार संध्याकाळी साडेसहाला आले, केस ओलेच होते. मी चहा टाकला. "मुलं बरी आहेत," एवढंच म्हणाले, आणि ओट्यावरचं ड्रिल उचलून भिंतीवरची पेन्सिलीची खूण शोधू लागले.