पाठमोरी पाटी

गुरुवार, रात्री

आज आंबट बिअरचे साडेचार पाउंड मुकाट मोजले आणि वर ‘थँक्यू’ म्हणून आले. राग बिअरचा नाही, त्या ‘थँक्यू’चा येतोय.

शेफील्डच्या भर वस्तीतला पब. नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. बारवर ओळीनं बारा हँडपंप, तळघरातल्या पिंपातली बिअर हातानं वर ओढायचे. दुपारचे तीन वाजलेले, आत मला धरून चार गिऱ्हाइकं. तिथेच ओळखायला हवं होतं. एका फर्किनमध्ये, म्हणजे नेहमीच्या लहान पिंपात, नऊ गॅलन बिअर मावते. बहात्तर पिंट. ती तीन दिवसांत खपवायची तर रोजचे चोवीस ग्लास झाले, आणि बारा पंपांचे मिळून रोज पावणेतीनशेच्या वर. त्या चौघांत मिळून ते होणार होतं का? पण हे सगळं गणित मला बसमध्ये परत येताना सुचलं. पबमध्ये मी पंपावरच्या पाटीवरचं ससाण्याचं चित्र बघून भुलले होते.

ग्लास नाकाशी नेला तर वास थेट व्हिनेगरचा. एक घोट घेतला, जिभेच्या कडा आवळल्या. काउंटरमागच्या पोराला म्हटलं, जरा आंबट आहे का ही? तो म्हणाला, “रिअल एल अशीच असते, लव्ह.” आणि मी, चिपळूणच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणाऱ्या बाईची मुलगी, मान डोलावून कोपऱ्यात जाऊन बसले.

अशी नसते. नऊ वर्षं या शहरात काढल्यावर एवढं मला पक्कं माहीत आहे. आणि तो वास तर मी इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखते. गुहागरकडे आजोळी भंडारी सकाळी माडावरून उतरायचा, तेव्हाची ताजी माडी गोड असायची, आम्हा पोरांनाही घोटभर मिळायची. दुपारपर्यंत ती फसफसायला लागायची आणि मग ती मोठ्यांची. दुसऱ्या दिवशी उरली तर शिरका. रिअल एल म्हणजे कास्कमधली, पिंपातच मुरणारी बिअर. तिचंही तेच, फक्त तासांच्या जागी दिवस. पिंप ब्रुअरीतून निघतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं आणि पबच्या तळघरात येऊनही आपलं काम करत राहतं. त्यातून जो काय वायू होईल तेवढाच फेस. बाहेरून गॅस भरायचा नाही. पण एकदा पिंप फोडलं की जेवढी बिअर पंपानं वर ओढाल, तेवढी हवा आत शिरणार, आणि तिथून उलटी गिनती सुरू.

पुढच्या वेळी ग्लास परत करायचा. लिहून ठेवतेय.

शुक्रवार

पाऊस. कुठेच गेले नाही. आईचा फोन आला होता, ‘काल दुपारी फोन का नाही उचललास गं?’ म्हटलं, मीटिंग होती.

शनिवार, संध्याकाळ

तोंडाची चव घालवायला केलम आयलंडला गेले. घरून ट्रामनं वीस मिनिटं, मग कारखान्यांच्या विटांच्या भिंतींमधून चालत. ही जागा खरं तर बेट नाहीच. डॉन नदीचं पाणी गिरण्यांसाठी पाटानं वळवलं, त्या पाटाच्या आणि नदीच्या मधे अडकलेला तुकडा. पोलादाचे कारखाने बंद पडल्यावर हा भाग ओस होता, तेव्हा १९८१ साली डेव्ह विकेट नावाच्या माणसानं इथे ‘फॅट कॅट’ उघडला. त्या काळी बहुतेक पब कुठल्या ना कुठल्या मोठ्या ब्रुअरीच्या दावणीला बांधलेले असायचे, ती पाठवेल तीच बिअर विकायची. याच्या बारवर वेगवेगळ्या गावांच्या बिअरी होत्या. पुढे १९९० मध्ये पबाला लागूनच त्यानं स्वतःची ब्रुअरी काढली. तिची ‘पेल रायडर’ २००४ साली देशातली सर्वोत्तम बिअर ठरली. ब्रुअरी २०२२ मध्ये बंद झाली. आता पेल रायडर डर्बीशायरमधली थॉर्नब्रिज ब्रुअरी बनवते, आणि ती थॉर्नब्रिज उभी राहण्यातही याच विकेटचा हात होता.

२००७ च्या जूनमध्ये डॉन नदी या सगळ्या भागात शिरली होती. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ती नुसती माहिती होती. मग २०२१ चा जुलै आला, वाशिष्ठीनं चिपळूणची बाजारपेठ गिळली, बाबांच्या मित्राच्या दुकानात छताला चिखल लागला. तेव्हापासून इथल्या विटांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. पुरात आधी तळघर जातं, आणि पबचं सगळं चित्त तळघरात असतं.

फॅट कॅटमध्ये अर्धी पेल रायडर घेतली. फिकट सोनेरी, आधी फळांसारखी गोडसर, मग मागून अंगावर येणारा कडवटपणा. खोल्या छोट्या छोट्या, कुणाच्या तरी घराच्या ओटीवर बसल्यासारखं वाटतं. मला पब आवडायला लागले ते या खोल्यांमुळे. लहानपणी दारू प्यायची जागा म्हणजे परमिट रूम: काळ्या काचा, दाराला पडदा, आणि बायकांनी गेलंच तर वरच्या ‘फॅमिली रूम’मध्ये. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि त्यावर कारण छापलेलं असतं ‘आरोग्य राखण्यासाठी’! हे इथल्या मंडळींना सांगितलं की विश्वासच बसत नाही. इथे पहिल्यांदा एकटी पबमध्ये शिरले तेव्हा मी आधी दोनदा दारावरून पुढे गेले होते. तिसऱ्यांदा आत गेले तर खिडकीशी एक आजी स्वेटर विणत बसल्या होत्या, शेजारी काळ्या स्टाउटचा अर्धा ग्लास. झालं, भीड चेपली.

तिथून केलम आयलंड टॅव्हर्नला. २००८ आणि २००९, लागोपाठ दोन वर्षं ‘कामरा’नं याला देशातला सर्वोत्तम पब ठरवलं होतं. कामरा ही बिअर वाचवण्याची चळवळ आहे, हे सांगितलं की पुण्यातली भावंडं अजून हसतात. १९७१ साली चार तरुण आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेले असताना वैतागून बसले, की जिकडेतिकडे गॅस भरलेली, थंडगार, एकाच चवीची केग बिअर मिळतेय. तिथेच त्यांनी संघटना काढायचं ठरवलं. आपल्याकडे चारजण वैतागले की व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. यांनी दरवर्षी चांगल्या पबांची यादी असलेलं जाडजूड पुस्तक काढलं, शाखा काढल्या, आणि कास्क एल खरोखर मरता मरता वाचवली.

टॅव्हर्नच्या बारवर शेजारी एक म्हातारबुवा उभे होते, पोलादाच्या कारखान्यात आयुष्य गेलेले. त्यांना गुरुवारची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, “आवडली नाही, की गेलेली होती?” म्हटलं, गेलेली. “मग काही बोलायचं नाही. ग्लास बारवर ठेवायचा आणि ‘ही गेली’ म्हणायचं. आवडली नाही तर मात्र संपवायची, चूक आपली. म्हणून तर आधी घोटभर मागून बघायची.” इतकं सोपं होतं. हा फरक मला नऊ वर्षांत कुणी सांगितला नव्हता, मीही विचारला नव्हता.

मग ते फेसावर घसरले. इथे उत्तरेत पंपाच्या नळीच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावतात, स्पार्कलर. त्यातून बिअर दाबून आली की साईसारखा दाट फेस येतो. दक्षिणेत ती लावत नाहीत. म्हातारबुवांच्या मते लंडनची पिंट म्हणजे “गार पडलेला चहा”. मला दोन्ही चालतात, पण हे यॉर्कशायरमध्ये मोठ्यानं बोलायचं नसतं.

एक अर्धी ‘जयपूर’ पण झाली. थॉर्नब्रिजचीच, ५.९ टक्के, म्हणून अर्धीच. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, भडिमार. इंडिया पेल एल हा प्रकार ज्या बिअरीवरून आला, ती दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनजवळच्या बो गावच्या हॉजसनच्या ब्रुअरीतून जहाजांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जायची, अर्थात साहेबांसाठी. आमच्या पणजोबांच्या पणजोबांना तिचा थेंबही मिळाला नसणार. आणि आज मी शेफील्डमध्ये जयपूर पितेय, जयपूर न बघता.

रविवार, रात्री

आज लांब नाही, टेकडीवरचा आमचा नेहमीचा पब. दोनच हँडपंप. सुरुवातीला मी याला हिशेबातच धरत नसे, दोन पंपांत काय निवडायचं!

दुपारी गर्दी नव्हती. मालकीणबाईंना म्हटलं, तुमची बिअर कधीच आंबट कशी लागत नाही? त्या म्हणाल्या, “ये खाली.”

खाली बारा अंशांचा गारवा, चुना मारलेल्या भिंती. लाकडी घोडीवर पिंपं आडवी निजवलेली, पुढून-मागून पाचरी मारून घट्ट. एकाच्या पोटावरच्या भोकात बोटाच्या पेराएवढी मऊ लाकडाची खुंटी ठोकलेली आणि तिच्याभोवती बुडबुड्यांचं छोटं बेट. बाईंनी फडक्यानं ते पुसलं आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. बुडबुडे परत आले. पुन्हा पुसलं, पुन्हा आले, जरा सावकाश. “अजून बोलतेय,” त्या म्हणाल्या. बुडबुडे यायचे मंदावले की मऊ खुंटी काढून कठीण खुंटी मारायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. मग गाळ तळाशी बसेपर्यंत वाट बघायची. गाळ बसायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं द्रव्य घालतात. (ऑफिसातल्या शुद्ध शाकाहारी मित्राला हे मी त्याची दुसरी पिंट झाल्यावर सांगितलं होतं. तो अजून नीट बोलत नाही. हल्ली ते न घातलेली गढूळ बिअर पण मिळते, तीच पितो.)

मी नीट बघायला वाकले, हात पिंपाला टेकला, तशा त्या एकदम ओरडल्या, “हलवू नकोस!”

मी तिथेच हसायला लागले. त्यांना कारण सांगता येईना. आमच्या घरी रात्री विरजण लावलं की आईचा अगदी हाच आवाज: भांड्याला हात लावाल तर याद राखा, दही मोडेल. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. शिकवलं असतं तर आईनं हे तळघर बाईंपेक्षा कडक सांभाळलं असतं.

वर आलो. नेहमीची बिटर, म्हणजे इथली कडवटसर एल, मागितली. बाईंनी पंप ओढला, एकदा, दोनदा, तिसऱ्या ओढीला पंप खोकला आणि ग्लासात नुसता फेस आणि गढूळ पाणी आलं. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी तेवढ्यावर भागवलं असतं. बाईंनी ग्लास मोरीत ओतला, पंपावरची पाटी काढली आणि उलटी करून लावली, चित्र आत, कोरी पाठ आपल्याकडे. संपली.

काही वर्षांपूर्वी ती पाठमोरी पाटी बघून मी हिरमुसायचे. आता गुरुवारच्या त्या बारा झळकत्या पाट्या आठवतात, एकही उलटी नव्हती. आपल्याकडच्या चांगल्या मिसळीच्या दुकानाला अकरा वाजता ‘मिसळ संपली’ लिहायची लाज वाटत नाही. ज्याच्याकडे दिवसभर रस्सा उकळतोय, तिथे आपण जातो का?

“मघाशी बघितलंस ना, ते पिंप,” बाई म्हणाल्या. “मंगळवारी सहानंतर ये. आधी नको.”

एवढ्यात आईचा फोन. मागे पबचा कल्ला, फुटबॉल लागलेलं.

“कुठे आहेस गं?”

“मैत्रिणीकडे,” म्हटलं, आणि मग का कोण जाणे, “तिच्याकडे विरजण लावलंय, ते बघायला आले होते.”

“तिकडच्या थंडीत लागतं का गं?”

“लागतं. पण दोन दिवस लागतात.”

मंगळवार, सहा वाजता. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, दातांच्या डॉक्टरच्या खाली.