पर्ल, दिवसभर

रविवार रात्र

आज दिवसभर घरात जॅनिस जॉप्लिनच चालू होती, ती अमेरिकन रॉक आणि ब्लूज गायिका. सकाळी ओटा आवरताना तिचा शेवटचा अल्बम 'पर्ल' लावला आणि मग संपला की परत पहिल्यापासून, असं दिवेलागणीपर्यंत. दहा गाणी, जेमतेम अर्ध्या तासाच्या वर चार-पाच मिनिटं, त्यामुळे कंटाळा यायच्या आत संपतो आणि हात आपोआप परत प्लेवर जातो. आता रात्री लिहायला बसलेय कारण डोक्यात एक गोष्ट दिवसभर घोळतेय, ती उतरवून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

ती अशी की हा अल्बम सगळे शेवटाकडून ऐकतात. ४ ऑक्टोबर १९७० ला जॅनिस लॉस एंजेलिसच्या लँडमार्क मोटर हॉटेलच्या खोलीत वारली, हेरॉइनचा ओव्हरडोस, वय फक्त २७, आणि रेकॉर्ड बाजारात आली जानेवारी १९७१ मध्ये. झालं, तेव्हापासून ज्याला त्याला प्रत्येक गाण्यात निरोपच ऐकू येतो. अरे पण ती निरोप घ्यायला स्टुडिओत गेलीच नव्हती ना. ती कामाला गेली होती! सप्टेंबरपासून सनसेट साउंड स्टुडिओत एक एक गाणं घासून पुसून घेत होती, आणि मला तर उलट वाटतं की इतकी ताब्यात, इतकी मजेत ती आधी कधीच गायली नव्हती.

आधीची तिची गाणी मला आवडतातच. बिग ब्रदर बँडबरोबरचा १९६८ चा 'चीप थ्रिल्स' अल्बम म्हणजे नुसता वणवा. पण तिथे बँडही पळतोय आणि तीही पळतेय. मग तिने तो बँड सोडला, त्यावरून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, १९६९ मध्ये ब्रास सेक्शन वगैरे घेऊन 'कॉझ्मिक ब्लूज' काढला, त्यात तिची आणि वाद्यांची जणू मारामारी चालल्यासारखं वाटतं मला. आणि मग १९७० मध्ये तिचा नवा बँड, फुल टिल्ट बूगी. बहुतेक पोरं कॅनडातली, जॉन टिल गिटारवर, ब्रॅड कॅम्पबेल बेसवर, रिचर्ड बेल पियानो, केन पीअरसन ऑर्गन, आणि ड्रम्सवर क्लार्क पिअरसन (हा तेवढा अमेरिकन). त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून कॅनडात फेस्टिव्हल एक्स्प्रेस नावाच्या ट्रेनने दौरा केला, ग्रेटफुल डेड आणि 'द बँड' हे दुसरे बँडही त्याच गाडीत, डब्यात रात्रंदिवस गाणं बजावणं. एकत्र वाजवून वाजवून जी सवय होते ना एकमेकांची ती 'पर्ल'मध्ये ऐकू येते. 'मूव्ह ओव्हर' घ्या, पहिलंच गाणं, तिने स्वतः लिहिलेलं. आधी ड्रम्स, मग तिचा आवाज आणि त्याच्या बरोबरीने तीच चाल वाजवणारी गिटार, दोघांत सुईही जाणार नाही इतकं चिकटून. ती जिथे वळते तिथे गिटार वळते. मला त्या जागी दर वेळी वाह निघून जातं तोंडातून, एकटी असले तरी.

प्रोड्युसर पॉल रॉथचाइल्ड, ज्याने त्याआधी डोअर्स या रॉक बँडच्या रेकॉर्ड केल्या होत्या. आवाज राखून वापर, ही गोष्ट त्याने तिच्याकडे लावून धरली असं मला तरी ऐकताना स्पष्ट जाणवतं. लहानपणी मी गाण्याच्या क्लासला जायचे, पुढे सुटलं ते, पण आमच्या बाई एक गोष्ट कायम बघायच्या की खालच्या स्वरात पोरगी किती वेळ शांत उभी राहते. तेव्हापासून कान तिकडेच जातो माझा. 'अ वुमन लेफ्ट लोनली' ऐकताना म्हणूनच काम सोडून बसायला लागतं. सुरुवातीला मागे नुसता पियानो आणि ऑर्गन, चर्चमध्ये असतात तसे, आणि ही जवळजवळ बोलतेय, आवाज अर्धाच उघडलाय. एखादी गायिका म्हणेल आता चढवू, तिथे ती चढवत नाही, थांबते. अजून एक ओळ थांबते. आणि मग जेव्हा तो खरखरीत आवाज पूर्ण फुटतो तेव्हा तो ओरडा राहतच नाही, आपण मघापासून ज्याची वाट बघत होतो तेच येतं. दमसास, पट्टी, कुठे श्वास घ्यायचा, सगळं ठरवून केलेलं आहे हो. लोक म्हणतात ती नुसती भावनेच्या भरात किंचाळायची, त्यांनी हे एक गाणं हेडफोन लावून ऐकावं.

'मी अँड बॉबी मगी'बद्दल काय लिहू, सगळ्यांना माहितीये. गाणं क्रिस क्रिस्टॉफरसन नावाच्या गीतकाराचं, पहिल्यांदा १९६९ मध्ये रॉजर मिलरने गायलं होतं, आणि जॅनिसने ते केलंय हे क्रिस्टॉफरसनला ती गेल्यावर कळलं. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं, अल्बम तर तिथे नऊ आठवडे एक नंबरला होता. मला त्यातली आवडती जागा म्हणजे मधेच गाणं अख्खं एक स्वर वर सरकतं ती, आणि मग गोष्ट संपते, शब्द संपतात, तरी ती थांबत नाही, नुसतं ला ला करत इतका वेळ गाते की बँडलाच तिच्या मागे धावावं लागतं.

बरं आता 'मर्सिडीज बेंझ'. हे गाणं ऑगस्ट १९७० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट चेस्टरला एका बारमध्ये जमलं, दोन शोंच्या मधल्या वेळात, बरोबर मित्र बॉब न्यूवर्थ. मूळ ओळ मायकल मॅक्लूर नावाच्या कवीची. बारमध्ये जुळवलं आणि त्याच रात्री कॅपिटल थिएटरच्या स्टेजवर गाऊनही टाकलं. स्टुडिओत रेकॉर्ड झालं १ ऑक्टोबरला. एकही वाद्य नाही, फक्त ती आणि पायाचा ठेका. आधी अगदी गंभीर आवाजात सांगते की आता एक मोठ्या सामाजिक आणि राजकीय महत्त्वाचं गाणं गाते, आणि मग देवाकडे मागणं सुरू, गाडी दे, रंगीत टीव्ही दे. सगळ्या मित्रांकडे पोर्शे आहेत म्हणून मला मर्सिडीज दे असं म्हणणाऱ्या बाईंकडे स्वतःची पोर्शे होती, नखशिखांत रंगवलेली, अख्ख्या सॅन फ्रान्सिस्कोला माहीत असलेली. दोन मिनिटं पण नाही गाणं. शेवटी ती हसते. खळखळून नाही, आतल्या आत, काम जमल्यावर हसतो ना आपण तसं. हे तिचं शेवटचं रेकॉर्ड झालेलं गाणं म्हणून लोक रडतात. मला ते हसू ऐकून त्या दिवशीची ती दिसते, गुरुवार होता, गाणं झालं, खूश होती.

आणि पहिल्या बाजूचं शेवटचं, 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज'. निक ग्रॅव्हेनाइट्सने लिहिलेलं. शनिवारी, ३ तारखेला, बँडने वाजवलेला ट्रॅक तिने स्टुडिओत बसून ऐकला, रविवारी तिने गायचं असं ठरलं. रविवारी ती आलीच नाही म्हणून रोड मॅनेजर हॉटेलवर गेला. अल्बममध्ये तो ट्रॅक तसाच आहे, आवाजाशिवाय, अडीच मिनिटांच्या आसपास. मी आज तो लागोपाठ ऐकला. बँड बाजूला सरकून वाजवतोय, मधे तिच्यासाठी जागा ठेवून. एक ओळ जाईल एवढी जागा, मग गिटारचा छोटा तुकडा, परत जागा, परत तुकडा. सवाल-जवाबातले नुसते जवाब. आणि वाजवणाऱ्यांच्या हातात कसलंही दुःख नाहीये कारण वाजवताना त्यांना काही माहीतच नव्हतं, मस्त रंगात येऊन वाजवतायत. ग्रॅव्हेनाइट्सला म्हणे विचारलं होतं की तू गातोस का तिच्याऐवजी, तो नाही म्हणाला. किती बरं केलं त्याने. दुसऱ्या कोणाचा आवाज तिथे असता तर मला ते गाणं लावताच आलं नसतं.

त्याच १९७० च्या ऑगस्टमध्ये तिने अजून एक केलं होतं, बेसी स्मिथच्या कबरीवर दगड बसवायला निम्मे पैसे दिले. बेसी १९३७ मध्ये गेली, ब्लूजची एवढी मोठी गायिका आणि तेहतीस वर्षं तिच्या कबरीवर नाव नव्हतं. जॅनिस टेक्ससच्या पोर्ट आर्थरमध्ये वाढली, पोरं तिची टिंगल करायची आणि ही बेसीच्या रेकॉर्ड ऐकून गाणं शिकत होती. कोणाकडून काय घेतलं हे ती विसरली नव्हती. म्हणून अल्बममधल्या शेवटच्या गाण्याबद्दल पण मला बोलायचंय. 'गेट इट व्हाइल यू कॅन' हे तिचं मृत्युपत्र असल्यासारखं सगळीकडे लिहितात. पण गाणं तिचं नाहीच, जेरी रॅगोव्हॉय आणि मॉर्ट शुमनचं आहे, हॉवर्ड टेट नावाच्या सोल गायकाने आधीच गायलेलं. हाच रॅगोव्हॉय तिच्या 'चीप थ्रिल्स'मधल्या 'पीस ऑफ माय हार्ट'चा एक जनक, 'क्राय बेबी' पण त्याचंच, याच अल्बममधलं 'माय बेबी' पण. म्हणजे ही बाई वर्षानुवर्षं एकाच माणसाची गाणी शोधून शोधून घेत होती कारण तिला ती आवडत होती, तिच्या गळ्याला बसत होती, बस्स. तिने निवडलेलं गाणं आहे ते, रसिक माणूस निवडतो तसं. हॉवर्ड टेटचं ऐकलं नसेल कोणी तर आधी ते ऐका, फार गोड गायलाय, सरळ गायलाय, आणि मग लगेच जॅनिसचं लावा. शेवटच्या मिनिटात ती तेच तेच शब्द घेऊन दर वेळी वेगळ्या ठिकाणी जोर देते, बघा तुम्हाला कुठली जागा सगळ्यात आवडते ते, मला अजून ठरवता आलेलं नाही.