सिडनीच्या ‘जिवंत भिंती’: निघण्याआधी ओहोटी बघा

सिडनी बंदराचा निम्म्याहून जास्त काठ आता दगडी किंवा काँक्रीटच्या संरक्षक भिंतींनी बांधून टाकला आहे. अशा सपाट भिंतीला ना खाच, ना डबकं, ना सावली. ओहोटीला ती उन्हात तापते आणि चिवट जीव तेवढे टिकतात. यावर उपाय म्हणून सिडनी इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या ‘लिव्हिंग सीवॉल्स’ प्रकल्पाने २०१८ पासून भिंतींवर खडबडीत काँक्रीटच्या लाद्या बसवायला सुरुवात केली. खास त्या बघायला गेलो होतो.

मिल्सन्स पॉइंट स्टेशनला उतरलात की सिडनी हार्बर ब्रिज या पुलाखालीच ब्रॅडफिल्ड पार्क आहे. तिथल्या लाद्यांची नक्षी खारफुटीच्या मुळांवरून घेतलेली आहे. तिथून लॅव्हेंडर बेच्या काठाकाठाने चालत मॅकमहॉन्स पॉइंटजवळच्या सॉमिलर्स रिझर्व्हला जा. रस्ता सुंदर आहे, पण लाद्या भरतीला पाण्याखाली जातात. म्हणून आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे दिवस असतात, तेव्हा पाणी जास्त खाली उतरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा गेलात तर निम्मंच दिसेल.

लांबून बघाल तर म्हणाल, एवढ्यासाठी आलो? जवळ जा. एका लादीच्या वाटीत पाणी साचून राहिलं होतं, तळाशी शेवाळ, कडेला बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी. शेजारच्या खाचेत सावलीच्या बाजूने कालवं दाटीवाटीने चिकटलेली, उन्हाकडची बाजू जवळजवळ रिकामी. कृत्रिम अधिवास म्हणजे काय, ते या एका खाचेत कळतं. काठावरची शेवाळलेली फरशी मात्र भयंकर निसरडी असते, सपाट तळव्याच्या चपला नकोत. चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्याखालचंही दिसतं. कालवं काढून खायचा मोह नको. पुलाच्या पश्चिमेचे मासेही डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे खाऊ नयेत अशी सरकारी सूचना आहे.

पोहता येत असेल तर बंदरातल्याच मोसमन भागातल्या क्लिफ्टन गार्डन्सला जाच. तिथे पोहण्याच्या जागेभोवती शार्कपासून संरक्षण म्हणून जाळी लावली आहे आणि धोक्यात आलेले व्हाइट्स सीहॉर्स, म्हणजे समुद्रघोडे, त्या जाळीला शेपटीने विळखा घालून राहतात. त्यांच्यासाठी बंदरात धातूच्या पिंजऱ्यांची ‘हॉटेलं’ही ठेवली आहेत. त्यांवर स्पंज आणि शेवाळ वाढतं, पुढे लोखंड गंजून जातं आणि वाढलेलं तिथेच राहतं. मला ही कल्पना लाद्यांपेक्षाही आवडली. समुद्रघोडे जाळीच्या रंगात मिसळून जातात, त्यामुळे डोकं शोधू नका, शेपटीचं वेटोळं शोधा. जाळीला धरून लोंबकळू नका. हा जीव कायद्याने संरक्षित आहे, हात लावायचा नाही. पाऊस पडून गेल्यावर पाणी गढूळ होतं, तेव्हा तीनेक दिवस थांबलेलं बरं.

अशा लाद्या बसवल्या म्हणून नवी भिंत बांधायला हरकत नाही, असं कुणी म्हणू लागलं तर मला ते पटणार नाही. जुन्या भिंती पाडता येत नाहीत, तिथेच लाद्यांचा उपयोग. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची असतील तर ओहोटीची वेळ भिंतींना द्या. समुद्रघोड्यांची जाळी भरतीलाही बघता येते.