नळजोडणीच्या अर्जाची दीड वर्षे

आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावरून शहराची मुख्य जलवाहिनी जाते. रस्त्यापलीकडच्या इमारतींत तिचे पाणी थेट घरात पोहोचते. आम्हाला मात्र अधिकृत जोडणीसाठी दीड वर्ष खेटे घालावे लागले. त्या काळात जे समजले, ते अशाच वस्तीत राहणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

पहिला अर्ज मी फक्त माझ्या घरासाठी केला होता आणि तो खिडकीवरूनच परत आला. घराला क्रमांक नव्हता. क्रमांक मालमत्ता कराच्या नोंदीवरून मिळतो, ती नोंद जमिनीच्या कागदांवरून होते, आणि आमची घरे ज्या जमिनीवर आहेत ती दुसऱ्याच एका शासकीय खात्याची. त्या खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र आणा, असे मला सांगण्यात आले. खात्याचे म्हणणे असे की, ज्यांचे तिथले राहणेच आम्ही मान्य केलेले नाही, त्यांना हरकत नाही असे लिहून कसे देणार? या दोन टेबलांमध्ये पाच महिने गेले. पाणी पुरेसे नाही, असे त्या पाच महिन्यांत एकदाही कोणी म्हणाले नाही. घोडे अडले होते ते कागदापाशी.

पाणीपुरवठ्यात नोकरी केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे मी ही फाइल घेऊन गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: एकेका घराचा अर्ज सोडून सगळ्या गल्लीचा सामूहिक अर्ज करा, आणि हाल होतात असे नुसते लिहू नका, किती होतात ते मोजून लिहा.

मग आम्ही चौदा दिवस मोजले. एका कोऱ्या वहीत पाच रकाने आखले: नाव, घरातून निघाल्याची वेळ, नंबर लागल्याची वेळ, भांडी, घरी परतल्याची वेळ. वही सांभाळण्याचे काम गल्लीतल्या दोन शाळकरी मुलींनी आपणहून घेतले, कारण सार्वजनिक नळाच्या रांगेत सर्वांत जास्त वेळ त्याच उभ्या असत. शेजारच्या काकूंची पहिल्या दिवसाची नोंद मला अजून पाठ आहे: पहाटे ४.१० ला निघाल्या, ५.३५ ला नंबर लागला, वीस लिटरचे दोन कॅन, ५.५० ला घरी. कॅनची प्लास्टिकची मूठ बोटांत रुतू नये म्हणून त्यांनी तिला जुन्या कापडाची चिंधी घट्ट गुंडाळली होती. घरात माणसे पाच, म्हणजे माणशी आठ लिटर. मूलभूत गरजांसाठी माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि सुरक्षित बांधणीच्या स्रोताचे पाणीसुद्धा रांग धरून जाऊन-येऊन तीस मिनिटांत मिळत नसेल, तर तिच्या आणि युनिसेफच्या संयुक्त मोजणीत त्या घराला किमान सेवाही आहे असे धरत नाहीत. काकूंना शंभर मिनिटे लागली होती.

वहीसोबत आम्ही हाताने काढलेला गल्लीचा नकाशा जोडला. अर्जात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कविषयक समितीने २००२ साली पाण्याच्या हक्काबद्दल घेतलेली भूमिका लिहिली: घराच्या किंवा जमिनीच्या दर्जाच्या कारणावरून कोणत्याही कुटुंबाला पाणी नाकारू नये. कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या कामात गल्लीतली गटारे रहिवाशांनी स्वखर्चाने घातली होती आणि बाहेरच्या मोठ्या वाहिन्या सरकारने घालाव्यात अशी विभागणी होती. तिच्या धर्तीवर गल्लीतील नळ आम्ही टाकू, मुख्य वाहिनीपासूनची जोडणी तुम्ही द्या, असे सुचवले. या जोडणीमुळे जमिनीवर आमचा हक्क निर्माण होत नाही, असे हमीपत्रही दिले. माझ्या मते फाइल हलली ती या हमीपत्रामुळे. जमिनीचा प्रश्न पाण्यापासून वेगळा झाला आणि सही करणाऱ्याची भीती गेली. हा उपाय पहिल्याच दिवशी खिडकीवर कोणी सांगितला असता, तर वर्षभराच्या पहाटा वाचल्या असत्या. याचा राग मला अजून आहे.

खोदकामाच्या दिवशी त्या अभियंत्यांनी उघड्या गटारातून गेलेल्या जुन्या, परस्पर टाकलेल्या नळ्या दाखवल्या. सांध्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे आवळलेले होते. पाणी बंद झाले की नळीतला दाब उतरतो आणि अशा सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुरवठा सुरू झाला की तेच आधी भांड्यात येते. दर पावसाळ्यात मुले का आजारी पडत, हे मला तेव्हा कळले.

पाणी आले, पण पहिल्या बिलाने पुन्हा कार्यालयात नेले. वापर वाढेल तसा दर चढतो, आणि बत्तीस घरांत मीटर एकच. सगळ्यांचा वापर एका ग्राहकाचा धरला गेल्याने सर्वांत वरचा दर लागला होता. पाणी जपून वापरणारी घरे रस्त्यापलीकडच्या घरांपेक्षा लिटरमागे जास्त पैसे भरत होती. कुटुंबांच्या संख्येने वापर भागून दर लावावा, असा अर्ज वहीच्या यादीसह दिला आणि दोन बिलांनंतर तो मान्य झाला.

भाड्याने राहणाऱ्या सात कुटुंबांची नावे मात्र या जोडणीत नाहीत, कारण घरमालकांनी सह्या दिल्या नाहीत. ती अजूनही सार्वजनिक नळावरच जातात. त्यांच्यासाठी नवी वही घातली आहे. आज तिचा नववा दिवस आहे.