हिंट आधी, उत्तर नंतर: 40 स्वाध्याय लावून झाले

कर्निहन आणि रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’मधल्या स्वाध्यायांची आपली सामायिक रिपॉझिटरी (सगळ्यांची उत्तरं ठेवायची जागा) लावत तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत आलो. पहिल्यात 24, दुसऱ्यात 10, तिसऱ्यात 6, म्हणजे 40 झाले. क्रमांक 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीचे धरलेत. कुणाकडे 1978 ची पहिली आवृत्ती असेल तर स्वाध्याय कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहा, नाहीतर उत्तर भलत्याच फोल्डरात जाईल.

फोल्डरांची नावं आता 01-09, 01-10 अशी, आधी प्रकरण, मग स्वाध्याय. नुसतं 1-9 लिहिलं की यादीत 1-10 त्याच्या आधी येऊन बसतो.

सगळ्यात जास्त वेळ 1-9 ने खाल्ला. लागोपाठ आलेल्या मोकळ्या जागांची एकच करायची, एवढंच काम. आलेल्या बहुतेक उत्तरांत ‘एल्स’ होतं, म्हणजे ‘इफ’ची अट खरी नसेल तर काय करायचं ते सांगणारा शब्द. पण पुस्तकात ‘एल्स’ येतं त्याच्या पुढच्या भागात, शब्द मोजताना! क्रमाने वाचत आलेल्या माणसाला ते उत्तर उघडल्यावर वाटतं, आपलं काहीतरी वाचायचं राहिलं. म्हणून प्रत्येक स्वाध्यायात दोन कप्पे केले: ‘इथवरचं’ आणि ‘पुढचं’. 1-9 च्या ‘इथवरचं’मध्ये आता मागचं अक्षर लक्षात ठेवणारं, नुसत्या ‘इफ’वर चालणारं उत्तर आहे. मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

हिंट वेगळ्या फाइलमध्ये काढल्या. आधी त्या उत्तराच्याच वर होत्या, आणि पहिली हिंट वाचेपर्यंत नजर खालच्या कोडवर जायचीच. एका स्वाध्यायाला जास्तीत जास्त तीन हिंट, आणि पहिली शक्यतो करून बघण्याची.

3-4 वर हे फार छान जमलं. पुस्तकातलं ‘आयटोए’ (संख्या अक्षरांत बदलणारं फंक्शन) सगळ्यात मोठ्या उणे संख्येला का चुकतं, हा प्रश्न. आधीची हिंट होती, ‘टूज कॉम्प्लिमेंट आठवा’, म्हणजे संगणकात उणे संख्या ठेवायची पद्धत. ती वाचून ज्याला आधीच कळलंय त्यालाच कळतं. आता पहिली हिंट अशी: 32 बिटच्या ‘इंट’मध्ये (पूर्णांक ठेवायच्या जागेत) -2147483648 देऊन काय छापलं जातं ते बघा. आपल्या नेहमीच्या मशीनवर उणे चिन्ह आणि एक उघडा कंस येतो, बस्स. +2147483648 तिथे मावत नाही, म्हणून चिन्ह बदलूनही संख्या उणेच राहते, 10 ने भागून बाकी येते -8, आणि आस्कीमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) शून्याचा कोड 48, त्यातून 8 गेले की 40, म्हणजे उघडा कंस. लूपही तिथेच थांबतं, कारण उरलेली संख्या शून्याहून मोठी नसते. तो कंस एकदा डोळ्यांनी पाहिला की माणूस आपणहून मागे मागे शोधत जातो. दुसरी हिंट फक्त एवढीच: सगळ्या अधिक संख्या उणे करता येतात का?

1-23, म्हणजे कोडमधल्या कॉमेंट (/* आणि */ यांच्यामधल्या टिपा) काढणं, याच्या उत्तरांना चाचणीची फाइल जोडलीय. तिच्यात अवतरणातली "/* मी राहणार */" ही ओळ आहे; ती अवतरणात आहे म्हणून कॉमेंट नाही, तशीच राहायला हवी. चार उत्तरं तिथे पडली; ती काढली नाहीत, ‘अपुरं’ म्हणून ठेवलीत आणि कुठे पडतात ते शेजारी लिहिलंय.

चौथ्या प्रकरणाचे 14 आता घेतोय. 4-2 ला, ‘एटॉफ’मध्ये (अक्षरांतून दशांश संख्या वाचणाऱ्या फंक्शनमध्ये) घातांक वाचायच्या स्वाध्यायाला, अजून एकही हिंट नाही. कुणी सोडवताना अडकलं असेल तर नेमकं कुठे अडकलं तेवढं पाठवा, उत्तर नको.